खिशातलं विचारायचं नाही

३ नोव्हेंबर

ताई,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. फाडायचं असेल तर फाड, पण त्याआधी एवढं वाच: तुझी लेक सुखरूप पोचली.

शाळेच्या समुपदेशक बाईच तिला घेऊन आल्या. दुकानासमोर उतरली तेव्हा मी ओळखलंच नाही. माझ्या डोक्यात अजून ती गुडघे खरचटलेली, दिवसभर टिवटिव करून घर डोक्यावर घेणारी पोरगी. आणि समोर ही सोळा वर्षांची बया, काळ्या जाकिटात हनुवटीपर्यंत बुडालेली. मी म्हटलं, "काय गं टिटवे, मामाला विसरलीस?" तर म्हणाली, "टिटवी म्हणू नकोस." तेव्हापासून तोंडाला कुलूप. जेवायला बोलावलं की येते, वाढलेलं खाते, ताट उचलते, खोलीत जाते. जाकीट मात्र अंगावरून उतरत नाही. घरात, जेवताना, झोपतानासुद्धा. उकडत कसं नाही हिला, देव जाणे.

बाईंनी मला सगळं नीट सांगितलं. शाळेच्या काचा फोडल्या ते, दप्तरात गोळ्या सापडल्या ते, त्या गोळ्या ती दुसऱ्या मुलींनाही देत होती तेही. मी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, महिनाअखेरीस समिती बसेल. तोवर पोरगी माझ्याकडे. त्यानंतर दोनच वाटा. एक तर इथल्या शाळेत नाव घालून माझ्याकडे राहायचं, नाहीतर ते टेकडीपलीकडचं केंद्र, जिथे घरच्यांना भेटायलासुद्धा परवानगी काढावी लागते. आणि म्हणे, आईनं केंद्राच्या कागदावर सही करून ठेवलीय.

ताई, इतकी घाई? अगं, मी काय मेलो होतो? बाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे तू म्हणालीस, हो, एक भाऊ आहे.

तू अजून त्या गाडीवरच अडून बसलीयेस, मला माहीत आहे. भावोजी घर सोडून गेले तेव्हा त्यांचं सामान माझ्या लाँड्रीच्या गाडीतून गेलं. हो, गेलं. त्यांनी मागितली, मी दिली. माणूस जायचाच होता. मी नाही म्हटलं असतं तर काय कपाटं डोक्यावर घेऊन घरात परत आला असता? ह्यावरून तू जो अबोला धरलास तो धरलास. असो. आता डोकं तापवून घेत नाही, कपड्यांची कांजी उतू जातेय.

तुझा भाऊ, गाडीवाला


९ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन दिसला की मान वर जातेच माझी, काय करू.

बातमी अशी की टिटवी काउंटरवर बसायला लागली. मी सांगितलं नाही. इस्त्रीवाल्या काकूंनी बसवली. काकू तुला आठवत असतील, बाबांच्या वेळेपासूनच्या, आवाज असा की मशीन चालू असलं तरी रस्त्यावर ऐकू जावा. त्यांनी तिला खोलीच्या दारात गाठलं आणि म्हणाल्या, "ए जाकीटवाली, नुसती बसून राहिलीस तर बुरशी येईल अंगावर. चल, खिसे तपास."

खिसे तपासणं म्हणजे आमच्या दुकानाचं पहिलं काम. कपडा मशीनमध्ये टाकायच्या आधी प्रत्येक खिसा उलटा करायचा. जे निघेल ते छोट्या पाकिटात घालायचं, वर गिऱ्हाइकाचा नंबर, पाकीट स्टेपल करून हँगरला लटकवायचं. आणि कपडा देताना म्हणायचं, "तुमच्या वस्तू तपासून घ्या." बस्स. काय सापडलं ते बोलायचं नाही, हसायचं नाही, विचारायचं तर मुळीच नाही. बाबांचा नियम. खिशातलं विचारायला लागलो तर उद्यापासून कपडे कोण देईल?

काकू तिला सांगत होत्या. एका साहेबांच्या कोटात कवळी निघाली होती. नवरीच्या शालूत दुसऱ्याच कुणाचा फोटो. एका बाईंच्या स्वेटरच्या खिशात दर वेळी एक बिस्किट, अर्धं खाल्लेलं. "मग तुम्ही काय केलं?" टिटवीनं विचारलं. काकू म्हणाल्या, "पाकिटात घातलं. दुसरं काय करणार, मी काय पोलीस आहे?" आणि ताई, पोरगी हसता हसता राहिली. मी बघितलं. ओठाचा कोपरा हलला होता, लगेच आवरला.

काल तर कमालच केली. हॉटेलचा मॅनेजर फोनवर माझ्या अंगावर ओरडत होता, टॉवेल कमी आले म्हणून. टिटवीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्या माणसानं गठ्ठा बांधताना आमच्यासमोर मोजला होता. आता त्यालाच विचारा, आम्ही थांबतो." त्या बाबाची बोलती बंद. ही जीभ कुणाची, ते मी सांगायला हवं का?

समुपदेशक बाई येऊन गेल्या. चहा घेता घेता मला म्हणाल्या, कुठलं पोर घसरेल आणि कुठलं सावरेल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण घरात सतत भांडणं, शाळेत मन न लागणं, सगळे दोस्त त्याच वाटेवरचे, घरात औषधाच्या गोळ्या हाताशी पडलेल्या, असं सगळं एकत्र आलं की पाय लवकर घसरतो. आणि उलट, आपण कुठे आहोत हे कुणाला तरी माहीत असणं, हाताला काम, शाळेत एखादा तरी मास्तर आवडणं, आणि घरात बोलणं. "भांडा हवं तर," म्हणाल्या, "पण बोलणं तोडू नका." मी म्हटलं, "बाई, आमच्या ताईच्या घरी गोळ्याबिळ्या काही नसतात हो, ती डोकं दुखलं तरी सुंठ लावणारी. हे सगळं त्या मैत्रिणींचं." टिटवी तिथेच शर्टाला बटण लावत बसली होती. उठली आणि मागच्या खोलीत गेली. मला वाटलं, मैत्रिणींना बोललो म्हणून राग आला.

तू त्या कागदाचा पुन्हा विचार कर. एवढंच.

गाडीवाला


१५ नोव्हेंबर

ताई,

सगळं ठीक आहे. लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

हवा गार पडलीय. हॉटेलवाल्यानं टॉवेल सापडल्याचं कबूल केलं. काकूंची कंबर धरलीय.

बरं, एक सहज विचारतो. तिकडे तिच्या मैत्रिणी कुठे जमायच्या? बसथांब्यामागे की नदीवरच्या पुलाखाली? बाई काहीतरी बोलल्या होत्या, माझं लक्ष नव्हतं. आणि ती तिकडे आलीच, म्हणजे येणार नाही म्हणा, पण आलीच तर काकूंच्या फोनवर तरी कळव. माझा उचलत नाहीस, करत नाहीस, ते ठीक आहे. काकूंना कर.

ती आहे इथेच. आत आहे. काळजीचं कारण नाही.

मी हे पत्र पोस्टात टाकायला निघालोय, येता येता स्टेशनवर एक चक्कर मारतो. गिऱ्हाइकाचं काम आहे.

गाडीवाला


१६ नोव्हेंबर

ताई,

कालचं पत्र खोटं होतं. ती आत नव्हती. कुठे होती ते मला ठाऊक नव्हतं. आता घरी आहे. काकू तिच्या उशाशी बसून तिला शिव्या देतायत, म्हणजे सगळं ठीक आहे. आधी हे वाच, मग पुढचं.

परवा तिनं जाकीट काढलं. स्वतःहून. काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "हे धुवायला." मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. मी लगेच तिकीट फाडलं, अगदी गिऱ्हाइकासारखं, "उद्या सकाळी या, मॅडम." आणि नेमका तेवढ्यात हॉटेलवाल्याचा फोन. आता टेबलक्लॉथवर डाग राहिलेत म्हणे. मी त्याच्याशी तावातावानं भांडत, मान तिरपी करून फोन खांद्याला धरलेला, आणि हात आपलं काम करत होते. बाहेरचा खिसा, आतला खिसा, अस्तराचा खिसा. जे निघालं ते पाकिटात. नंबर. स्टेपल. हँगरला.

काल सकाळी ती तिकीट घेऊन आली. मी हँगर काढून दिला आणि म्हटलं, "तुमच्या वस्तू तपासून घ्या."

ताई, तिचा चेहरा! पाकीट हातात धरून ती माझ्याकडे बघतच राहिली. पांढरीफटक. आणि तेव्हा, अगदी तेव्हा, माझ्या डोळ्यांसमोर आलं की आदल्या दिवशी माझ्या बोटांना काय लागलं होतं. प्लॅस्टिकची पुडी. आत गोळ्या. मी माझ्याच भाचीला तिच्या गोळ्या पाकिटात घालून, नंबर टाकून, हसतमुखानं परत दिल्या होत्या!

मी काही बोलायच्या आत ती दाराबाहेर. जाकीट तिथेच, पाकीट घेऊन गेली.

मी दुकान टाकून निघालो. स्टेशन, बागेतले बाक, शाळेमागची गल्ली, पूल. प्रत्येक काळा शर्ट टिटवी वाटत होता. एका मुलीला तर मागून हाक मारली, तिच्या बापानं मला जवळजवळ धरलंच. बाईंना फोन करायला हवा होता. केला नाही. केला तर समितीपुढे सगळं जाईल, आणि मग केंद्र. नाही केला तर ती कुठल्या अवस्थेत कुठे पडलेली असेल. असा जीव टांगणीला लागलेला आणि तुला काय लिहिलं, तर हवा गार पडलीय.

शटर ओढायच्या वेळी ती आली. डोळे लाल, शब्द जड. पाकीट काउंटरवर ठेवलं. फाडलेलं. म्हणाली, "दोन घेतल्या. बाकीच्या ह्या."

काकू धावल्या, पाणी पाजलं, डॉक्टरांना बोलावलं. तपासून ते म्हणाले झोपू द्या, पण कुणीतरी शेजारी बसा. आम्ही आळीपाळीनं बसलो.

आज दुपारी नीट जागी झाल्यावर तिनं मला विचारलं, "मामा, तू त्या फेकल्या का नाहीस?"

मनात आलं, म्हणावं की तुझ्यावर विश्वास होता. छान दिसलं असतं. पण माझ्या तोंडून खरंच निघालं, "अगं, माझं लक्षच नव्हतं. मी त्या टेबलक्लॉथवाल्याशी भांडत होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसायला लागली, अशी हसायला लागली की काकू घाबरून बाहेरून आल्या. हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "मी मुद्दाम दिलं होतं रे. तुला सापडाव्यात म्हणून. तू ओरडशील, हाकलून देशील, म्हणजे एकदाचं संपेल. सगळी तयारी करून आले होते. आणि तू म्हणालास, तुमच्या वस्तू तपासून घ्या."

मी कपाळावर हात मारला. दुसरं काय करणार?

मग बोलायला लागली. किती बोलली, ताई! तू रोज तिचे खिसे तपासतेस. अस्तर उसवून बघतेस. त्याचा राग नाही म्हणाली, "आईच्या जागी मीही बघितलं असतं." राग कसला, तर काही सापडलं की तू ते उचलून ठेवतेस आणि मग आठवडाच्या आठवडा बोलत नाहीस. ओरडत नाहीस, मारत नाहीस, नुसतं वाढून निघून जातेस. "मामा, त्या शांततेत मला माझ्या कानातलं ऐकू यायचं."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. अगं, मी मोठा माणूस. माझं दुकान आहे, काकू आहेत, भांडायला हॉटेलवाला आहे. मला तुझा अबोला परवडतो. तिला कसा परवडेल?

मी विचारलं, "पहिली गोळी कुणी दिली?" म्हणाली, "ते नाही सांगणार. ते माझं नाही." पुन्हा विचारलं, तर भिंतीकडे तोंड करून झोपली.


२२ नोव्हेंबर

ताई,

मी बाईंना सगळं सांगितलं. टिटवीच म्हणाली, "तू सांग, नाहीतर मी सांगते." बाईंनी मला असं धारेवर धरलं की मी शाळेत असतानाही कुणी धरलं नव्हतं. "पाकिटात घालून दिल्यात? नंबर टाकून?" मी मान खाली घालून उभा, मागे काकू तोंडात पदर कोंबून हसतायत. मग बाई टिटवीशी एकटीशी बोलल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ती परत आली, आणि खरं बोलली. ह्या दोन गोष्टी मी समितीला सांगेन. पण घेतल्या हेही सांगावं लागेल."

आता समितीनं अट घातलीय. आईनं समोर यायला हवं. नुसता कागद चालणार नाही. शनिवारी सकाळी. तू आली नाहीस तर ते तुझ्या त्या आधीच्या सहीवर निर्णय घेतील आणि सोमवारी केंद्राची गाडी येईल.

ह्या आठवड्यात माझा पाय एका जागी ठरत नाही. दोन शर्ट जाळले. काकूंनी इस्त्री काढून घेतली हातातून. टिटवी मात्र काउंटरवर बसते. तिला रोज झोप नीट लागत नाही, हात थरथरतात, चिडते, परवा बरणी फोडली. मग झाडून काढली. नव्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना भेटून आली, डाग कसा निघतो ह्यावरून दोघींचं बराच वेळ चाललं होतं. आल्यावर म्हणाली, "बऱ्या आहेत." तिच्या तोंडी बऱ्या म्हणजे फार झालं.

माझ्याशी बोलू नकोस. माझ्याकडे बघूही नकोस. पण ये.


२ डिसेंबर

ताई,

आलीस. बरं केलंस. माझ्याशी बोलली नाहीस, तेही चालेल. त्या लांब टेबलाशी तू बसलीस, ते चष्मेवाले गृहस्थ विचारत होते आणि तू चहाचा पेला हातात धरून नुसती मान हलवत होतीस. वाळलीस गं किती. मी एवढी लांबलचक पत्रं लिहिली आणि एकदाही विचारलं नाही, तू कशी आहेस.

त्यांनी विचारलं, "मामाकडे राहू द्यायचं?" आणि तू "हो" म्हणालीस. तुझा आवाज मी किती काळानं ऐकला! हो म्हणताना हात हलला आणि चहा सगळा कोटावर. टिटवी उठली, म्हणाली, "दे आई, मी काढते डाग. आमचं कामच आहे ते." तू कोट दिलास. बाहेर गारठा होता म्हणून तिनं आपलं जाकीट तुझ्या खांद्यावर टाकलं आणि तू ते घालून बस पकडलीस. मी लांबून बघत होतो. त्या काळ्या जाकिटात तू मागून अगदी तिच्यासारखी दिसत होतीस.

आता पुढचं लिहायला हात धजत नाही. पण एकदा खोटं पत्र लिहून बघितलं, ते मला जमत नाही.

कोट आल्या आल्या तिनं काउंटरवर पसरला आणि खिसे तपासायला घेतले. सवयच लागलीय. बाहेरच्या खिशात बसचं तिकीट. आतल्या खिशात झोपेच्या गोळ्यांची पट्टी. बरीचशी रिकामी. तिच्याखाली दुसरी, तीही रिकामी.

मी शेजारीच उभा होतो. टिटवी दचकली नाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते माझं नाही, असं ती का म्हणाली होती. मी बाईंपुढे तुझ्या घराची शेखी मिरवत होतो तेव्हा ती उठून आत का गेली होती. पोरीनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, काचा, मैत्रिणी, शाळा, समिती, आणि तुझं नाव एकदाही ओठांवर येऊ दिलं नाही. आम्ही सगळे तिच्या खिशात बघत होतो, ताई. तुझ्या खिशात बघायला कुणीच नव्हतं. भावोजी गेल्यापासून झोप लागत नाही, हे तू सांगायचंस तरी कुणाला? भावाशी अबोला.

तिनं गोळ्या पाकिटात घातल्या. नंबर टाकला. स्टेपल केलं. हँगरला लटकवलं. मग म्हणाली, "मामा, खिशातलं विचारायचं नाही ना?"

मी म्हटलं, "दुकानाचा नियम आहे."

"आणि घरचा?"

काकू इस्त्री आपटून म्हणाल्या, "घरी विचारायचं असतं, बाई. घर असतं कशाला मग?"

मी म्हटलं, कोट पार्सलनं पाठवू. ती म्हणाली, "नको. मी नेऊन देते. पाकीट तिच्या हातात देईन आणि विचारेन. आई ओरडली तर ओरडू दे. गप्प बसली तर मी पण तिथेच बसेन, ती बोलेपर्यंत." तिला भीती वाटतेय, ताई. समितीची वाटली नव्हती एवढी. पोरीचा नुकता कुठे पाय टेकतोय. तू तिच्याकडे पाठ फिरवलीस तर तो पुन्हा घसरेल, हे मला दिसतंय आणि तुलाही दिसेल.

डाग निघालाय. कोट कडक इस्त्री करून ठेवलाय, काकूंनी स्वतः केली. रविवारी सकाळी आम्ही निघतोय. आमच्या लाँड्रीच्या त्याच गाडीतून. तुझ्या दारात ती गाडी पुन्हा उभी राहिलेली तुला बघवणार नाही, ठाऊक आहे. पण ह्या वेळी ती काही घेऊन जायला येत नाहीये.

टिटवी वर येईल. दार उघड. मी वर येऊ की खाली गाडीतच बसू, ते तू तिला सांग, ती खिडकीतून मला हाक मारेल. तिचा आवाज आता खालपर्यंत येतो.

तुझा भाऊ